दहापैकी दहा मिळालेला पुठ्ठा

गुण देणे हा माझा पोटाचा धंदा आहे. दरसाल शेकडो उत्तरपत्रिका माझ्या लाल पेन्सिलीखालून जातात. म्हणून दुसरा कोणी गुण वाटावयास बसला, की मी जरा जवळ जाऊन पाहतो. भोसरी-चिखलीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात पोरांच्या हातातल्या पोकेमॉनच्या आणि क्रिकेटवीरांच्या कार्डांना गुण देण्याची जी साथ आली आहे, ती मी अशीच जवळून पाहिली. ही प्रतवारी नव्हे, मोजमापाचा वेष घेतलेली दलाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना राग यावयाचा त्यांनी तो आताच आणावा. पुढे वाचताना त्रास कमी होईल.

प्रकार असा. कार्ड अमेरिकेतल्या एखाद्या परीक्षक-कंपनीकडे पाठवावयाचे. तेथला परीक्षक त्याचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध छापले आहे की नाही हे पाहतो, १ ते १० मधला एक आकडा ठरवतो, आणि कार्ड कडक पारदर्शक डबीत कोंडून वर त्या आकड्याची चिठ्ठी लावतो. ह्यांतली नामांकित पीएसए ही कंपनी १९९१ साली निघाली. डबी फोडली की आकडा गेला. म्हणजे दहा गुणांच्या कार्डाशी कोणी खेळावयाचे नाही, एवढे तरी नक्की झाले.

ह्यावर उत्तर तयार असते : “सर, परगावच्या गिऱ्हाइकाला वस्तू न पाहता घ्यावी लागते. बाजारात नकली कार्डे आहेत. त्याला काही भरवसा नको का?” हवा. कार्ड अस्सल की नक्कल, कड कापली आहे की काय, हे जाणत्याने सांगावे आणि त्याची मजुरी घ्यावी. माझी काडीचीही तक्रार नाही. माझा झगडा आहे तो नऊ आणि दहा ह्यांच्यामधल्या फटीशी.

ही फट केवढी, ते पाहा. जपानच्या कोरोकोरो ह्या मुलांच्या मासिकाने १९९७-९८ साली चित्रस्पर्धांतल्या विजेत्यांना बक्षीस म्हणून पिकाचूचे एक कार्ड दिले. २०२१ साली लोगन पॉल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने त्याची दहा गुणांची प्रत घेतली. मोबदल्यात त्याच कार्डाची नऊ गुणांची प्रत दिली आणि वर ४० लाख डॉलर मोजले. तेच चित्र, तीच शाई, तोच पुठ्ठा; आणि एका गुणाचे ४० लाख डॉलर! पुढच्या वर्षी ते कार्ड गळ्यात अडकवून तो कुस्तीच्या रिंगणात उतरला. (चित्र काढून ते बक्षीस मिळवणारे पोर आता कोठे असेल, देव जाणे.)

आता मी आमच्या भागातल्या कामगारांनाच विचारतो. तुमच्या कारखान्यात शाफ्ट कसा तपासतात? ड्रॉइंगवर माप असते, किती कमी-जास्त चालेल ते लिहिलेले असते, आणि मायक्रोमीटरसुद्धा ठराविक मुदतीने प्रमाण मापाशी ताडून घेतात. गो-नोगो गेजची एक बाजू गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. सकाळच्या पाळीत रिजेक्ट झालेला जॉब रात्रपाळीत पास झाला, तर दोन्ही पाळ्यांच्या इन्स्पेक्टरांना साहेबांपुढे उभे राहावे लागते. कार्डांच्या बाजारात उलटी तऱ्हा. आठ मिळाले की डबी फोडतात, तेच कार्ड पुन्हा पाठवतात आणि नऊची वाट पाहत बसतात. हा तेथला राजरोस उद्योग आहे. असा गेज चाकणमध्ये एक दिवस टिकणार नाही.

आणि मजुरी? पीएसएचा दर कार्डाच्या किमतीप्रमाणे चढतो. चांगला आकडा पडून किंमत वाढली, तर वरचा फरक नंतर मागून घेतात. विद्यार्थ्याला जितके गुण जास्त, तितका मास्तराला मेहनताना जास्त, अशी सोय शिक्षणखात्याने केली तर त्या निकालाला तुम्ही काय म्हणाल? मी कोणावर लबाडीचा आळ घेत नाही. व्यवस्थाच अशी आहे की लबाडीची गरज पडू नये.

ह्याच कंपनीने पहिला आकडा दिला तो होनस वॅग्नर ह्या बेसबॉलपटूच्या जुन्या सिगारेट-कार्डाला. आकडा होता आठ. २००७ साली ते २८ लाख डॉलरला विकले गेले. २०१३ साली लिलाववाल्या बिल मॅस्ट्रोने न्यायालयात कबूल केले, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला आकडाच द्यावयाचा नाही, हा कंपनीचाच नियम!

हे सारे अमेरिकेतच घडते तर मी श्रीमंतांचा पोरखेळ म्हणून सोडून दिले असते. परंतु येथे काय चालले आहे? शाळा सुटताना फाटकाशी एक मिसरूड फुटलेला तरुण उभा असतो. हातात भिंग. पाचवी-सहावीच्या पोराचे कार्ड उजेडात धरून तो सांगतो, “कोपरा पांढरा पडलाय. चाराच्या वर जाणार नाही.” दहा-वीस रुपयांत कार्ड त्याच्या खिशात जाते. संध्याकाळी त्याच कार्डाचा फोटो त्याच्या फोनवर झळकतो, खाली शब्द : ‘जवळजवळ नऊ’. अमेरिकेत काही गेलेच नाही. तेथून फक्त भाषा आली आहे. ज्या पोराला त्याने ठकवले त्याचा बाप चाकणला कंत्राटावर राबतो, आणि त्या पोराला मात्र आपलेच कार्ड वाईट होते असे वाटत राहते. माझ्या वर्गातल्या एकाने धाकट्या भावाचा हात पिरगळला, कारण त्याची भेळेची बोटे कार्डाला लागली.

आमच्या लहानपणी पैलवानांची ट्रम्प कार्डे होती. त्यांवरही आकडे असत. उंची, वजन, छाती, किती कुस्त्या जिंकल्या. पण ते आकडे पैलवानाचे होते, पुठ्ठ्याचे नव्हते. कार्डे मऊ पडेपर्यंत आम्ही ती पिसत असू.

छापील चित्राची किंमत कशात असते हे पाहावयाचे तर पिंपरीहून लोणावळ्याची लोकल धरावी. वाटेवर मळवली लागते. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे येथेच आला, फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि १९७२ साली तो आगीत गेला. तेथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतींवर गेल्या. बायकांनी त्यांना जर लावली, टिकल्या शिवल्या. उदबत्तीच्या धुराने त्या पिवळ्या पडल्या. अशा जरीच्या प्रती आज हौशी संग्राहक आवर्जून शोधतात. कार्डांचा नियम लावला तर त्यांना एकही गुण मिळणार नाही; ‘फेरफार केलेले’ एवढीच चिठ्ठी लागेल. आमच्या आळीत अशी एक लक्ष्मी आहे. पदराला जर आहे, डावा कोपरा वाळवीने खाल्ला आहे, आणि दोनदा मागणी येऊनही घरच्या आजींनी ती दिलेली नाही.