पिंप धुतलं की झालं!

परवा शनिवारी सकाळी (म्हणजे साडेदहाला!) चहाचा कप घेऊन खाली उतरलो, तर पार्किंगमध्ये सहा निळी पिंपं. आमची सोसायटी वाकडला. उन्हाळा म्हणजे टँकर, आणि टँकर नाही आला की बोंबाबोंब. म्हणून कमिटीने भंगारवाल्याकडून दोनशे लिटरची वापरलेली पिंपं आणली, नव्याच्या निम्म्या किमतीत. वॉचमनमामा एका पिंपात डोकं घालून घासत होते.

"मामा, यात आधी काय होतं?"

"काय की साहेब. वास येतोय जरा. काका म्हणले ब्लीचिंग पावडर टाका, नाहीच गेला तर वरून अ‍ॅसिड मारा."

ब्लीचिंग पावडरवर अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हे आपण सगळेच कॉलेजात शिकलो. कमिटीत चार इंजिनियर आहेत. एकालाही आठवू नये? की डोकं मामांचं होतं म्हणून आठवलं नाही?

सेक्रेटरीकाका म्हणाले, "अरे, प्लास्टिकच तर आहे, धुतलं की झालं! आणि खाली त्रिकोणात २ आहे बघ. फूड ग्रेड!"

नाही काका. तो २ फक्त एवढंच सांगतो की प्लास्टिक एचडीपीई आहे. आत तूप होतं की थिनर, हे तो सांगत नाही. आणि एचडीपीई म्हणजे स्टीलचं पातेलं नव्हे. तेलकट रसायनं, सॉल्व्हंट त्याच्या अंगात मुरतात. तुम्ही पृष्ठभाग धुता. मुरलेलं नंतर हळूहळू पाण्यात उतरतं, उन्हात तर जास्तच. वास गेला म्हणजे विष गेलं असंही नाही.

यात माझं शहाणपण काही नाही. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं हाच घातक कचरा, असं २०१६ चे केंद्राचे नियम सांगतात. ती साफ करायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. आपण तेच काम पार्किंगमध्ये करतो आणि धुवण गटारात सोडतो. कीटकनाशकाचं रिकामं पॅकिंग पुन्हा वापरात येऊ नये म्हणून ते मोडून पुरा, असं तर १९७१ चे नियम सांगतात. का? जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं असावं, अशी शक्यता तेव्हा पुढे आली होती. एक डबा, बास.

आता कोणी म्हणेल, "मग काय, सगळं फेकून द्यायचं? पर्यावरणाचं काय?" अजिबात नाही! पुनर्वापर हवाच. पण पहिला प्रश्न 'कसं धुवायचं' हा नाही, 'आत काय होतं' हा आहे. मूळ लेबल शाबूत असेल आणि आत खाण्याचा पदार्थ असेल, तरच पुढे जा. गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, झाकणाचे आटे आणि रबर वेगळं घासायचं, तीनदा खळबळायचं. मग लिटरभर पाण्याला चहाचा एक चमचा या हिशोबाने बिनवासाचं, ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइटचं द्रावण आत सगळीकडे फिरवायचं, अर्ध्या मिनिटानंतर ओतून टाकून पिंप वाळवायचं. अ‍ॅसिड कध्धीच नाही. लेबल नसेल, खरवडलेलं असेल, तर उत्तर एकच: पाण्यासाठी नको. आपण कोडमध्ये कुठून आलं ते माहीत नसलेल्या इनपुटवर विश्वास ठेवत नाही, मग पिंपावर का ठेवायचा?

असो. दोन पिंपांवर लिक्विड ग्लुकोजचं लेबल निघालं, ती ठेवली. उरलेली चार भंगारवाल्याने कमी पैशांत परत नेली. मी घरी येऊन गार झालेला चहा प्यायलो, जिंकल्यासारखं वाटलं.

रात्री लक्षात आलं. ती चार पिंपं आता कुठल्यातरी लेबर कॅम्पमध्ये जातील, अजून स्वस्तात. तिथे 'आत काय होतं' असं विचारायला कोणी इंजिनियर खाली उतरणार नाही. परत देण्याआधी त्यांच्यावर निदान 'पिण्याच्या पाण्यासाठी नाही' असं ठसठशीत रंगवायला हवं होतं. रंगाचा डबा पार्किंगमध्येच होता.

सुचलं नाही मला. आपल्या नळापुरता विचार करायची सवय काय एकट्या काकांनाच आहे?