‘स्मार्ट’ घराने कारणही सांगावे

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ३० ऑगस्ट २०२२ रोजी ऐन उकाड्यात सुमारे २२ हजार वीजग्राहकांना आपल्याच घराचे तापमान कमी करता येईना. थर्मोस्टॅटवर ‘ऊर्जा आणीबाणी’चा संदेश झळकत होता. काही घरांत पारा ३१ अंशांपर्यंत चढला. यंत्रांत बिघाड नव्हता. ‘एक्सेल एनर्जी’ या वीज कंपनीच्या बचत योजनेत या ग्राहकांनी स्वतःच नाव नोंदवले होते. त्याबदल्यात सुरुवातीला १०० डॉलर आणि पुढे दरवर्षी २५ डॉलर बिलात वळते होत. मात्र कंपनीने वाढवलेले तापमान पुन्हा कमी करण्याची मुभा सहा वर्षांत प्रथमच बंद झाली होती. असे होऊ शकते, याची काही ग्राहकांना कल्पनाच नव्हती.

इथे निदान एक संदेश तरी दिसला. एरवी स्वयंचलित घर गप्पच असते. हालचाल टिपणारे साधे सेन्सर हलत्या उष्णतेचा वेध घेतात. त्यामुळे निश्चल झोपलेले आजोबा त्यांच्या लेखी खोलीत नसतातच. एसी बंद होतो आणि घरच्यांना वाटते, यंत्र बिघडले. ‘वीस मिनिटे हालचाल नाही, म्हणून बंद केला’ एवढे कळले तरी वेळ वाढवता येते किंवा सेन्सरची जागा बदलता येते. वृद्धांना उष्णतेचा त्रास लवकर होतो. त्यांच्यासाठी हा केवळ सोयीचा प्रश्न नाही.

ब्रायन लिम, अनिंद डे आणि डॅनियल अव्राहमी यांनी २००९ मध्ये याच प्रश्नाचा अभ्यास केला. यंत्र ‘असे का वागले’ हे सांगितले, तेव्हा लोकांना ते अधिक समजले आणि त्यावरचा विश्वासही वाढला.

अर्थात, प्रत्येक दिवा लागताना मोबाइल वाजू लागला तर कुणीही वैतागेल. शिवाय ‘रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात हालचाल’ हे कारण घरातल्या एकाची खबर दुसऱ्याला देते. म्हणून कारण विचारल्यावर सांगावे. न विचारता सांगावे ते फक्त अनपेक्षित किंवा धोक्याचे. निर्णय नियमाचा, सेन्सरचा की कंपनीचा आणि तो फिरवायचा कसा, हेही त्यात हवे.

महाराष्ट्रातही स्मार्ट मीटर बसत आहेत. उद्या घरातील उपकरणे वीज कंपनीच्या इशाऱ्यावर चालणार असतील, तर कारण कळण्याचा आणि नकार देण्याचा हक्क आजच ठरवायला हवा.