थरथरीचा भाव
महागडं ट्रेमोलो पेडल म्हणजे शुद्ध उधळपट्टी, हे माझं मत आणि मी ते सोडणार नाही. अहिल्यानगरात (जिभेला अजून नगरच सोपं जातं) एखाद्या भजनी मंडळाची किंवा चर्चमधली जुनी पेटी पाहा. पुढच्या खुंट्यांत अनेकदा एक ट्रेमोलोची असते. ती ओढली की आतली हवा फडफडते आणि सूर थरथरतो. बहुतेक वादक तिला हातही लावत नाहीत, ते सोडा. गिटारचं पेडल हेच काम विजेवर करतं: आवाज ठरावीक गतीने लहान-मोठा होतो, स्वर जागचा हलत नाही. बॉस कंपनीचं टीआर-2 पेडल 1997पासून वेग, खोली आणि लाटेचा आकार या तीन बटणांवर चाललंय. बेहरिंगरचं यूटी300 तीच बटणं बरीच स्वस्तात देतं. प्लास्टिकचं आहे, फुटेल, ही तक्रार रास्त, पण रोज स्टेजवर त्यावर पाय आपटणाऱ्यांसाठी. संगमनेरात घरी वाजवणाऱ्याला ते पुरतं. चालू करताच आवाज बसतो म्हणाल, तर ही कुरकुर बॉसबद्दलही आहे; आवाजाचं चौथं बटण असलेलं एखादं स्वस्त पेडल मिळालं तर बिनधास्त घ्या. वाचलेले पैसे चांगल्या 9 व्होल्टच्या अडॅप्टरवर घाला, कारण घरघर बऱ्याचदा तिथून येते. राहिला ठेक्याशी मेळ. मिनिटाला 120 मात्रा, मात्रेला दोन थरथरी, म्हणजे सेकंदाला चार. एवढ्या हिशेबासाठी टॅप टेम्पोचे (पायाने ठोकून वेग ठरवायच्या सोयीचे) जादा पैसे मोजणाऱ्यांनी आधी पायाने ताल धरून दाखवावा.