ताटातही आंतरपीक हवं



हिमोग्लोबिन ८ घेऊन आलेल्या ताईंना मी आधी एकच विचारतो, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" घाटकोपर असो की बोरिवली, उत्तर बहुधा ठरलेलं. सकाळी चहा-बिस्किट, डब्याला पोळी आणि बटाटा, रात्री वरण-भात. पोट भरतं, रक्त नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होतं.

कारणं बरीच आहेत. पाळीत जास्त रक्त जाणं, जंत, बी-१२ ची कमतरता. पण ताट एकसुरी होण्यामागे शेत एकसुरी होणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या आजीला विचारा. घाटावर बाजरीच्या शेतात नुसती बाजरी नसायची. मध्येच तुरीच्या ओळी, मटकी, हुलगा, कडेला अंबाडी, चार भेंड्या, जमिनीवर पसरलेलं वाळूक. धान्य वर्षाचं, भाजी रोजची, एकाच रानातली. तूर-मटकी जमिनीला नत्र देतात आणि बाजरी-ज्वारीत जे लायसिन कमी असतं ते आपल्याला देतात. भाकरीबरोबर कडधान्य हा मेळ शेतातच जमलेला असे. हे करायला मेहनत लागते, हेही खरं. मिश्र पिकात यंत्र चालत नाही, निंदणी हातानेच करावी लागते. म्हणून शेतकऱ्याला दोष देऊ नका.

आणि हे सगळं फक्त गावाकडचं आहे असंही नाही. गोरेगावच्या आरेतल्या आदिवासी पाड्यांवर आजही पावसाळ्यात भात लावतात आणि जोडीला काकडी, शिराळी, पडवळ, भेंडी घेतात. शिवाय रानातून टाकळा, कुरडू, कंटोळी, शेवळी येतात. स्टेशनबाहेर जमिनीवर वाटे मांडून बसलेल्या मावशी तुम्ही पाहिल्या असतील. बहुतेक जण घाईत पुढे निघून जातात. माझी विनंती, थांबा, एक वाटा घ्या, कशी करायची तेही त्यांनाच विचारा. शेवळी तर विचारल्याशिवाय करूच नका. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, घसा भयंकर खाजतो. म्हणून तर ती काकडं किंवा चिंच घालून नीट शिजवतात. (मी एकदा उतावळेपणा केला होता. दिवसभर पेशंटशी खाकरतच बोललो.)

मात्र जवळची भाजी म्हणजे चांगलीच, असं समजू नका. नाल्याच्या पाण्यावर पिकलेली पालेभाजी कितीही स्वस्त आणि हिरवीगार असली तरी मी घरी आणत नाही.

घरात काय करायचं? पोळी रोजचीच ठेवा, पण आठवड्यातून तीन दिवस बाजरीची किंवा नाचणीची भाकरी करा. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात नावापुरतं. सोबत एक कडधान्य, एक पालेभाजी आणि वर लिंबू पिळा. वनस्पतीतलं लोह तसं कमीच शोषलं जातं, क जीवनसत्त्वाने ते वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतलात तर उलट घटतं, तासभर थांबा.

मुतखडा होऊन गेला असेल तर पालक, माठ, राजगिरा बेताने. वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करू नका आणि एकदम वाढवूही नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा.

आणि ताई, हिमोग्लोबिन ८ असताना नुसत्या भाजीवर भिस्त ठेवू नका. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके महिने घ्या, आकडा सुधारला म्हणून मध्येच सोडू नका. महिन्याभराने पुन्हा रक्त तपासून रिपोर्ट दाखवायला या.