बँकेने लोन दिलं म्हणजे घराचे कागद क्लिअर? घर घेताना वकील कुणाचा, हे आधी बघा

कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण आठवतंय? नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचे आदेश दिले आणि तिथे राहणाऱ्या हजारो लोकांची झोप उडाली. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या खोट्या तयार केल्या, त्या जोडून महारेराचा नंबर मिळवला आणि त्या नंबरावर फ्लॅट विकले, असं ते प्रकरण.

घेणाऱ्यांकडे काय नव्हतं? रेरा नंबर होता, रजिस्टर झालेलं ॲग्रीमेंट होतं, अनेकांना गृहकर्जही मिळालं होतं. मग बँकेच्या वकिलाने कागद बघितले होते ना, तरी असं कसं झालं?

इथेच खरी गोम आहे. बँकेच्या पॅनलवरचा वकील जो टायटल रिपोर्ट देतो, तो बँकेला उद्देशून असतो. त्याची फी बऱ्याचदा प्रोसेसिंगच्या नावाखाली तुमच्याच खिशातून जाते, पण त्याचा पक्षकार तुम्ही नसता. बँकेला बघायचं असतं की उद्या हप्ते थकले तर ही मालमत्ता विकून पैसे वसूल होतील का. शिवाय बँकेकडे तुमचा पगार, सहकर्जदार, जामीनदार असे बाकीचे रस्ते असतात. तुमच्याकडे तो एकच फ्लॅट असतो. बिल्डरचा वकील तर बिल्डरचाच. महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या जमिनीचा टायटल रिपोर्ट असतो, तो जरूर वाचावा, पण तो प्रमोटरने नेमलेल्या वकिलाने दिलेला असतो हे डोक्यात ठेवून.

तिसरा वकील, म्हणजे फक्त तुमच्यासाठी काम करणारा, आपल्याकडे बहुतेक व्यवहारांत नसतोच. मुंबईत 60 लाखांच्या फ्लॅटवर 6 टक्क्यांनी 3 लाख 60 हजार मुद्रांक शुल्क आणि वर 30 हजार नोंदणी फी लोक निमूट भरतात. वकिलाची फी मात्र जास्तीचा खर्च वाटते.

रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी झाली?

नाही. 7 नोव्हेंबर 2025 ला बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची हमी मिळत नाही. दुय्यम निबंधक तुमचा दस्त नोंदवून घेतो. विकणाऱ्याला तो विकायचा हक्क होता का, याची खात्री तो देत नाही. इंग्लंडमध्ये लँड रजिस्ट्रीत नोंदलेल्या मालकीमागे सरकार उभं असतं, चूक निघाली तर भरपाईची सोय आहे. तरी तिथे घर घेणारा स्वतःचा सॉलिसिटर किंवा कन्व्हेयन्सर लावतो. इथे हमी नाही आणि वकीलही नाही, असा उलटा कारभार.

म्हणून सर्च. वकील साधारण 30 वर्षांचे रेकॉर्ड तपासतो: निबंधक कार्यालयातली सूची 2, सातबारा आणि फेरफार, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक. 30 हा आकडा कुठून आला? गहाण सोडवून घेण्यासाठी कायद्याने 30 वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे 25 वर्षांपूर्वी कुणी जमीन गहाण टाकली असेल, तर त्याचे वारस आजही दारात येऊ शकतात.

पण डोंबिवलीचं प्रकरण नुसत्या टायटल सर्चने पकडलं गेलं असतं का, याबद्दल शंकाच आहे. तिथे खोट्या होत्या त्या परवानग्या. सर्चमध्ये जमीन कुणाची हे कळतं, इमारतीला परवानगी आहे का हे कळत नाही. वकिलाला नुसतं "टायटल बघा" म्हटलं तर तो टायटलच बघेल. बांधकाम सुरू करण्याचा दाखला, मंजूर नकाशा आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन किंवा माहिती अधिकारात पडताळायचं कामही त्याला वेगळं सांगावं लागतं. बिल्डरने दिलेली झेरॉक्स बघून "कागद ओके" म्हणणं म्हणजे पडताळणी नव्हे. न्यायालयात चालू असलेले दावे आणि सरसाईवरच्या कर्जनोंदी, याही त्याच यादीत घाला.

रिसेल फ्लॅट असेल तर आणखी जपून. नवीन प्रकल्पात टायटल खोटं निघालं तर रेराच्या कलम 18 खाली बिल्डरकडून भरपाई मागता येते आणि त्या दाव्याला मुदतीचं बंधन नाही. रिसेल विकणारा हा तुमच्यासारखाच साधा माणूस, त्याला रेराचं ते कलम लागू नाही. आधीच्या प्रत्येक खरेदीचं मूळ ॲग्रीमेंट आहे का, त्यावर मुद्रांक शुल्क पूर्ण भरलंय का, मूळ मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, इथे खरी मेहनत असते. विकणारा परदेशात राहत असेल तर टीडीएसचे नियमही बदलतात, ते आधीच विचारा.

मग वकील शोधायचा कसा?

इन्स्टावर रील दिसली म्हणून नको. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, आणि मार्च 2025 मध्ये कौन्सिलने रील आणि इन्फ्लुएन्सरमार्फत होणाऱ्या प्रचारावर पुन्हा ताकीद दिली. जो नियम मोडून तुमच्यापर्यंत आला, त्याने बाकीचे नियम पाळावेत अशी अपेक्षा कशी करायची? एजंटने "आपलाच माणूस आहे" म्हणून सुचवलेला वकीलही टाळलेला बरा. एजंटला व्यवहार व्हायला हवा असतो, मोडायला नको असतो. त्याच भागात नुकतंच घर घेतलेल्यांना विचारा. मालमत्तेचीच कामं करणारा, त्या तालुक्याच्या निबंधक कार्यालयात आणि तलाठी सज्जात पाय झिजवलेला वकील नावाजलेल्या फौजदारी वकिलापेक्षा इथे जास्त कामाचा. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे का, हे विचारण्यात अवघड वाटून घेऊ नका. आणि त्याने याच बिल्डरचं काम केलंय का, हा प्रश्न पहिल्या भेटीतच.

गाठायचा कधी? टोकन द्यायच्या आधी. पैसे गेल्यावर निघालेल्या रिपोर्टचा उपयोग भांडायलाच होतो. बिल्डरला रजिस्टर्ड ॲग्रीमेंटशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, पण 60 लाखांच्या घरात 10 टक्के म्हणजेही 6 लाख झाले.

कोणती कार्यालयं तपासणार, किती वर्षांचा सर्च, ॲग्रीमेंटचा मसुदा वाचून बदल सुचवणार का, रजिस्ट्रीला सोबत येणार का आणि फी किती, हे ईमेलवर ठरवा. रिपोर्ट लेटरहेडवर, सहीनिशी आणि तुमच्या नावाने घ्या. त्यात शेवटी "दाखवलेल्या कागदपत्रांच्या आधारे" किंवा "मूळ प्रती पाहिल्या नाहीत" अशी ओळ असेल, तर काय पाहिलं नाही ते विचारा. फोनवर "काही टेन्शन नाही, घेऊन टाका" एवढंच सांगणाऱ्याकडून हेच लेखी मागितलं की सूर बदलतो.

लेखीचा आग्रह एवढ्यासाठी की मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल दिला. वकिलाने सर्चमध्ये घोळ घातला तर ग्राहक मंचाचा स्वस्त रस्ता बंद आहे. उरतात ते दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडे तक्रार, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारला जातो: तुम्ही त्याला नेमकं काय काम दिलं होतं?