कारखान्यातला कॉम्प्युटरवाला

गेल्या रमजानात आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण इफ्तारला घरी पोचू शकला नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तीन-चार टॉवेल कारखान्यांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क तो सांभाळतो. अजानला पाऊण तास असताना फोन आला, ‘‘लेबलं निघेनात, गाडी दारात उभी आहे.’’ रोजा त्याने तिथेच, जिन्याखाली सर्व्हर ठेवलाय त्या कोपऱ्यात, पाण्याच्या बाटलीवर सोडला.

तरावीहनंतर भेटला तेव्हा म्हणाला, ‘‘चाचा, लेबलं निघाली. पण मी एक दार उघडं ठेवून आलोय.’’

झाले होते असे. मालकांनी हिशेबाच्या टेबलासाठी विंडोज 11 असलेला नवा कॉम्प्युटर आणला. आणताना या पोराला विचारले नाही. पॅकिंगची सगळी माहिती आतल्या एका जुन्या, विंडोज एक्सपीवरच्या कॉम्प्युटरमध्ये. दोघे एकाच स्विचला जोडलेले, पण नव्याला जुना दिसेना. फाईल मागण्याची जी पद्धत जुन्याला येते, ती एसएमबी-1. नव्या विंडोजमध्ये ती मुद्दाम बंद ठेवलेली असते.

त्याला कारण आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांतल्या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. तो व्हायरस एसएमबी-1 मधल्याच एका फटीतून पसरला होता. त्याच वर्षाच्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमध्ये ही वाट बंद करायला सुरुवात केली. आमच्या पोराने ती पुन्हा उघडली. लेबले निघाली, गाडी गेली, सगळे खूश. उद्या त्याच वाटेने काही आत शिरले आणि वर्षाचा हिशेब गेला, तर नाव कोणाचे येणार? याचेच.

मला हा प्रश्न कॉम्प्युटरचा कमी आणि न्यायाचा जास्त वाटतो. जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत सोलापूरच्या गिरण्यांत जॉबरचा शब्द मानला जात असे. माग का अडला हे त्याला कळते, म्हणून त्याला विचारल्याशिवाय कोणी मागाला हात लावत नसे. आजच्या कारखान्यात मागाइतकेच नेटवर्क अडते. एप्रिल 2018 पासून पन्नास हजारांवरचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागते. ते निघाले नाही तर तयार माल दारातच पडून राहतो. तरीही नेटवर्क सांभाळणारा ‘तो कॉम्प्युटरवाला पोरगा’च. चालते तेव्हा तो कोणाला दिसत नाही, बंद पडले की सगळ्यांना दिसतो.

त्याच्या अडचणी आपल्या गावच्याच आहेत. ऑफिसात वापरायचे बरेचसे साधे स्विच चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. सोलापूरचा मे महिना ती रेघ बाहेरच ओलांडतो, बंद शेडमधले तर बोलायलाच नको. वर टॉवेलच्या मागांतून उडणारे कापसाचे तंतू पंख्यांत आणि सॉकेटांत जाऊन बसतात. नेटवर्कची तांब्याची तार एका दमात 100 मीटरपर्यंतच भरवशाची असते. इथे ती ऑफिसपासून शेडच्या टोकापर्यंत ओढलेली, तीही मोटारच्या केबलला बांधून. मग नेट कधी येते, कधी जाते. मालक म्हणतात, ‘‘काल तर चालत होतं.’’

मालकांचीही बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची मोफत मदत थांबली. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून चांगले चालणारे कितीतरी कॉम्प्युटर एका झटक्यात निकालात निघाले. विंडोज 11 फक्त 64-बिट आहे. 32-बिट ड्रायव्हरवर चालणारा जुना लेबल प्रिंटर त्यावर चालत नाही. सुताचे भाव आणि विजेचे बिल भरता भरता दमलेला छोटा कारखानदार विचारतो की, न बिघडलेली वस्तू फेकायची का? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर सांभाळणाऱ्या पोराच्या माथी मारणे रास्त नाही.

जुनी मशीन लगेच फेकायची गरज नाही. तिला इंटरनेटपासून तोडा, तिचे नेटवर्क वेगळे करा. नवी वस्तू घेण्याआधी सांभाळणाऱ्याला एक फोन करा. बॅकअप कारखान्याबाहेरही ठेवा आणि तो परत उघडतो का, हे अधूनमधून तपासा. देखभालीचे पैसे ठरवून, महिन्याच्या महिन्याला द्या; ‘बंद पडल्यावर बघू’ हा करार होत नाही.

आणि लिहून ठेवा. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरातली 282 वी आहे, आणि तिचा विषय उधारीच्या व्यवहाराची नोंद हा आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असे ती बजावते. नंतर शंका राहू नये, म्हणून. लिहिणाऱ्याला त्रास देऊ नका, असेही ती सांगते. कोणती तार कुठे जाते, कोणती वाट कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून उघडली, हेही देणेघेणेच आहे. आज ते सगळे एका पोराच्या डोक्यात आहे. तो पुण्याला नोकरीला गेला की कारखाना आंधळा होईल.

मी त्याला म्हणालो, ‘‘बेटा, जे दार उघडलंस ते कागदावर लिही आणि मालकांची सही घे.’’ तो हसला, ‘‘चाचा, सही मागितली तर काम जाईल.’’

दुसऱ्या दिवशी सहरीनंतर मात्र त्याने मोबाईलवर दोन ओळी लिहून मालकांना पाठवल्या: काय उघडले आहे, धोका काय आहे, कायमचा उपाय करायला किती खर्च येईल. मालकांनी निळी खूण होईपर्यंत वाचले आणि संध्याकाळी फोन केला, ‘‘ये उद्या, बघू.’’ अजून काही झालेले नाही. पण गोष्ट आता एकट्याच्या खांद्यावर राहिलेली नाही.