गुलाबी पाणी कुठं ओतायचं?

मेकॅनिकलच्या पोराला ‘तुला गाडीतलं काही कळत नाही’ असं म्हटलं की त्याला राग येतो. येऊ दे! हीट ट्रान्स्फरच्या पेपरात एल.एम.टी.डी. डोळे मिटून काढणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी रेडिएटरचा खालचा होज स्वतःच्या हातानं सोडवलाय? मी सेकंड इयरपर्यंत सोडवला नव्हता. मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, जुनी ऑक्टाव्हिया आरएस सेकंडहँड घेतली तेव्हा तो योग आला. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल, १५० पीएस. अशा गाडीला घरी हात लावायचा नसतो, असं आजूबाजूच्या सगळ्यांचं मत. माझं मत उलट आहे. कूलंट बदलणं हे अंगणात, एका रविवारी होणारं काम आहे. फक्त त्याला एक अट आहे, तिच्याकडे येतोच.

आधी हे समजून घ्या, की टर्बोच्या गाडीत कूलंट नुसतं सिलिंडरभोवती फिरत नाही. टर्बोची बेअरिंगं ज्या घरात बसतात त्या घरातूनही ते जातं. गाडी पळवून लगेच बंद केली की एक्झॉस्टची सगळी उष्णता त्या बेअरिंगमध्ये शिरते, तिथलं ऑइल जळून काजळी धरते. तिथलं कूलंट ती उष्णता ओढून घेतं. म्हणून साध्या गाडीत खपून जाणारा आळस इथं महागात पडतो.

आता लोकांच्या समजुती. पहिली म्हणजे, कूलंट जितकं ‘नीट’ ओतावं तितकं चांगलं. साफ चूक! पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८, शुद्ध इथिलीन ग्लायकॉलची अडीचच्या आसपास, निम्म्या-निम्म्या मिश्रणाची साधारण साडेतीन. उष्णता वाहून नेणारा खरा हमाल पाणीच आहे. मग ग्लायकॉल कशाला, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? तर ते उत्कलनबिंदू वर ढकलतं. आणि त्याहून मोठं कारण, त्या कॅनमध्ये ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनं असतात. ॲल्युमिनियमचं हेड आणि लोखंडी ब्लॉक एकाच पाण्यात बुडवून ठेवले की बॅटरीच तयार होते (इलेक्ट्रोकेमिस्ट्री, फर्स्ट इयर, आठवतंय का?). ही रसायनं वर्षागणिक संपत जातात, ग्लायकॉल मात्र तसंच राहतं. म्हणून जुनं कूलंट दिसायला झकास असलं तरी बदलायचं.

दुसरी समजूत रंगाची. हिरवं हे असं, गुलाबी ते तसं. अहो, रंग हा नुसता रंग आहे, कंपनीने घातलेला! बघायचं ते मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन. आणि नळाचं किंवा बोअरचं पाणी का नको, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायची गरज नाही. बादलीत टाकायच्या रॉडवर महिन्याभरात जी पांढरी पुटं चढतात, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणा.

आपल्या फॉर्म्युला टीममधला एक मित्र मला म्हणाला, “अरे, आमच्या गाडीत तर साधं पाणीच असतं!” बरोबर आहे. फॉर्म्युला स्टुडंटचा नियमच तसा आहे, कारण ट्रॅकवर ग्लायकॉल सांडलं की मागून येणाऱ्याची गाडी घसरते. पण ते इंजिन दर इव्हेंटनंतर उघडलं जातं. दादाची गाडी वर्षानुवर्षं तशीच बंद राहणार.

प्रत्यक्ष काम असं. इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना टोपण उघडलंत तर दाबाखालचं पाणी एकदम उकळून अंगावर येतं, तिथं हिरोगिरी नको. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. खाली घमेलं ठेवून खालचा होज सोडवायचा. सगळं पाणी कधीच निघत नाही, ब्लॉकमध्ये बरंच उरतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरून, फिरवून, पुन्हा सोडायचं. आता जे उरलंय ते नुसतं पाणी आहे, तेव्हा आधीच मिसळलेलं कूलंट भरलंत तर ते पातळ होईल. सिस्टिम सहा लिटरची असेल तर आधी तीन लिटर शुद्ध कूलंट, वरची जागा पाण्याने. एवढं गणित आपल्याला यायला हरकत नाही!

मग हवा काढणं. खरी परीक्षा इथं आहे. आत हवेचा फुगा राहिला आणि टेंपरेचर सेन्सर त्यातच आला, तर हेड तापत असताना काटा निवांत बसून राहतो. केबिनचा हीटर फुल गरमवर ठेवून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमानं, थर्मोस्टॅट उघडून रेडिएटर फॅन लागेपर्यंत थांबायचं. आम्ही गप्पा मारत थांबलो, मावशीनं दोनदा चहा पाठवला.

आता ती अट. घमेल्यात उरलेलं पाणी कुठं ओतायचं?

इथं माझा आवाज चढतो. इंजिन ऑइल गॅरेजवाला ठेवून घेतो, कारण त्याला भाव येतो. जुन्या कूलंटला कोण विचारतो? ते सरळ गटारात जातं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं ते आवडीनं चाटतं. पोटात त्याचं शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड होतं, ते कॅल्शियमला धरतं आणि मूत्रपिंडात खडे साचतात. पंधरा किलोच्या कुत्र्याचा जीव जायला त्या मिश्रणाचा एखादा कप पुरतो. मेसमागे किती कुत्री झोपतात ते मोजा. मांजरांना तर त्याहून कमी लागतं. ओढ्यात गेलं तर जीवाणू त्याला खातात खरे, पण त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. सिव्हिलवाले बी.ओ.डी. म्हणतात ते हेच.

‘आमच्याकडे कुठे गाडी आहे’ म्हणून सुटू नका. आपल्या पार्किंगमधल्या ड्यूक, आर-फिफ्टीन, एनएस २०० सगळ्या लिक्विड-कूल्ड आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांचं पाणी नळाजवळच सोडलेलं मी पाहिलंय. ज्याला जुन्या कूलंटची सोय करता येत नाही त्यानं ते घरी बदलू नये, गॅरेजला द्यावं, आणि तिथंही ‘जुन्याचं काय करता?’ असं तोंडावर विचारावं.

दादाचं पाणी अजून दोन कॅनमध्ये झाकण घट्ट लावून, वर ‘विष’ लिहून माळ्यावर आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये जुन्या ऑइलच्या पिंपाशेजारी असाच एक झाकणाचा, कुलुपाचा कॅन ठेवावा आणि तो ऑइलबरोबरच घातक कचरा नेणाऱ्यांकडे जावा, असं मी वर्कशॉपच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, “कल्पना ठीक आहे, स्टोअरला लेखी द्या.” अर्ज दिला आहे. बाईकवाल्यांच्या सह्या हव्या आहेत, कागद बी विंगच्या नोटीस बोर्डाशेजारी लावलाय.